हळदीच्या लेखात मिलिग्रॅमही छापा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत नुकताच हळदीवर पानभर लेख आला. हळद जंतू मारते, सूज उतरवते, गुडघे मोकळे करते, साखर आटोक्यात ठेवते, यकृत ‘धुऊन काढते’, कर्करोगाला अटकाव करते, असे सगळे त्यात होते. आजीचा बटवा होता, हळदीचे दूध होते, अमेरिकेतले हळदीचे पेटंट आपण कसे हाणून पाडले ती गोष्टही होती. किती हळद, कोणत्या रूपात, किती दिवस आणि कोणी घेऊ नये, एवढेच तेवढे नव्हते. त्याच पानाच्या तळाला कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतून काढलेल्या अर्काच्या, कॅप्सूलची ठसठशीत जाहिरात होती. लेख जाहिरातीसाठी लिहिला असे मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात वरचे आणि खालचे एकच होऊन बसते, आणि सोमवारी सकाळी तो ते पान घडी करून खिशात घालून औषधाच्या दुकानात येतो.

माझे सांगलीत तसे दुकान आहे. आता मुलगा बघतो, मी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. मुलगा बिल करतो आणि लोक प्रश्न मला विचारतात. लेख आल्यापासून सगळ्यात जास्त ऐकलेले वाक्य म्हणजे, “काका, हळदच हाय न्हवं? तिनं काय हुतंय?” या वाक्याचे उत्तर गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे पत्र. लांबले आहे. कापायचे असेल तर कापा, पण आकडे ठेवा.

सांगलीच्या माणसाने हळदीवर शंका घ्यावी हे विचित्र वाटेल. माझे आजोळ हरिपूरचे, आणि मामा हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात जमिनीत खोल खणलेली पेवे होती. त्यांत हळद वर्षानुवर्षे राहायची. कीड लागायची नाही, आणि उजेड न लागल्यामुळे रंगही उतरायचा नाही. २००५ च्या महापुरात बरीचशी पेवे गेली. अक्षय्य तृतीयेला लावलेली हळद पुढच्या माघ-फाल्गुनात काढायची, काहिलीत शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून चकाकी आणायची, हे सगळे मी लहानपणापासून पाहिले आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला त्याआधीच, २०१६ मध्ये मिळाले होते. आता हळदीचा मोठा पट्टा हिंगोली-नांदेडकडे सरकला आहे, हे कबूल करायला आम्हा सांगलीकरांना जरा जड जाते. पण बोट कापले की आधी हळद आणि मग पट्टी, हा आमच्या घरातला क्रम अजून मोडलेला नाही. तेव्हा माझे भांडण हळदीशी नाही. हळदीच्या नावावर जे विकले जाते, त्याच्याशी आहे.

आता हिशेब. हळदीला पिवळा रंग देणारे जे द्रव्य त्याला आपण ढोबळपणे कर्क्युमिन म्हणतो. खरे तर ती तीन सख्खी द्रव्ये (कर्क्युमिनॉइड्स) आहेत आणि त्यांतले मुख्य कर्क्युमिन. वाळलेल्या हळदीत ते जातीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे साधारण २ ते ५ टक्के असते. मेघालयातल्या लाकाडोंग हळदीत ७ टक्क्यांच्या आसपास. आपण ३ टक्के धरू. चहाचा सपाट चमचा भरून हळद घेतली तर ती सुमारे ३ ग्रॅम भरते, म्हणजे कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम. चार माणसांच्या घरात आमटी-भाजीत मिळून दिवसाला एवढी हळद पडत असेल, तर माणशी वीस-बावीस मिलिग्रॅम झाले. तेही तेलात परतलेले, डाळीत शिजलेले, जेवणाबरोबर पोटात गेलेले.

कॅप्सूलच्या डबीवर लिहिलेले असते : ५०० मिलिग्रॅम अर्क, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. तेवढे कर्क्युमिन हळदीतून मिळवायचे तर सुमारे १६ ग्रॅम पूड लागेल, पाच चमच्यांहून जास्त. ‘सकाळ-संध्याकाळ एक’ म्हटले की दिवसाला दहा-अकरा चमचे. एवढी हळद घातलेली आमटी कोणी तोंडात घेणार नाही. पहिल्याच घासाला ताट सरकवेल. जेवणात प्रमाण चुकले तर जीभ लगेच सांगते, कॅप्सूलच्या जिलेटिनच्या आवरणाने ती राखणदार जीभच वगळून टाकली आहे.

हा अर्क काढतात तोही समजून घ्यावा. हळदीची पूड अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवून रंग उतरवतात, द्रावक उडवतात, उरलेल्या घट्ट रसातून कर्क्युमिनचे खडे वेगळे काढतात. हळदीला जो वास असतो तो टर्मरोन नावाच्या तेलांचा. ती तेले, पिष्ट, तंतू हे सगळे मागे राहते. यात वाईट काही नाही, औषधनिर्मितीत हेच करतात. पण हे केल्यावर ती वस्तू स्वयंपाकघरातली राहत नाही. तिला औषधासारखेच वागवायला हवे : मात्रा बघायची, मुदत बघायची, दुसऱ्या औषधाशी जुळते का ते बघायचे.

आयुर्वेदाचा आधार लेखात वारंवार घेतला होता, म्हणून सांगतो. भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या आयुर्वेदिक औषधसंहितेत हरिद्रेच्या चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिली आहे. म्हणजे आपल्या हिशेबाने जास्तीत जास्त शंभरेक मिलिग्रॅम कर्क्युमिन. आमच्या फडताळातली दोन कॅप्सूल त्याच्या नऊ-दहापट भरतात. परंपरा सांगायची ती पूर्ण सांगावी, मात्रेसकट. दुसऱ्या बाजूने पाहा. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनला ई-१०० असा क्रमांक आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजच्या सेवनाची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमपर्यंत धरली आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. ही जन्मभर रोज चालेल अशी मर्यादा आहे, ती ओलांडली की विषबाधा होते असा तिचा अर्थ नाही. पण हा आकडा आणि दिवसाच्या दोन कॅप्सूलचा ९५० हा आकडा शेजारीशेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे?

मग एवढे जास्त द्यावेच का लागते? कारण पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारसे पोचतच नाही. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून नीट शोषले जात नाही, आणि जे थोडे आत जाते ते यकृत लगेच रूपांतर करून बाहेर काढते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या व्यवसायात सगळ्यांना पाठ आहे. निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले, तर रक्तात ते जवळजवळ सापडेना. त्याबरोबर मिऱ्यातले पायपरीन २० मिलिग्रॅम दिले, तर उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. डब्यांवर तो ‘२,००० टक्के’ मोठ्या अक्षरांत असतो. जवळजवळ शून्याची ही वाढ आहे, हे कोणी छापत नाही.

पण खरी मेख या पायपरीनमध्ये आहे, आणि लेखात त्याचा उल्लेख “सोबत चिमूटभर मिरी घ्यावी” एवढाच होता. पायपरीन काय करते? आतड्यात आणि यकृतात परक्या द्रव्यांना मोडून बाहेर घालवणारी जी यंत्रणा आहे, तिला ते मंद करते. कर्क्युमिन म्हणूनच जास्त वेळ टिकते. पण ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी ठेवलेली नाही. तुम्ही घेता त्या दुसऱ्या गोळ्याही त्याच दाराने बाहेर जातात. फिट येणाऱ्यांना देतात ते फेनिटोइन, रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल, दम्याचे थिओफायलिन यांची रक्तातली पातळी पायपरीनने वाढते, हे आपल्याच देशातल्या अभ्यासांत दिसले आहे. फेनिटोइनच्या बाबतीत उपयोगी पातळी आणि त्रासदायक पातळी यांत अंतर फार थोडे असते. चालताना झोक जायला लागतो, डोळे फिरतात, आणि घरचे म्हणतात, फिटच परत यायला लागली.

पायपरीनचा हा गुण जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने १९७०च्या दशकाच्या शेवटी हेरला. पुढे त्यातूनच क्षयरोगाची एक कॅप्सूल २००९ साली भारतीय बाजारात आली. तिच्यात रिफॅम्पिसिन नेहमीच्या ४५० ऐवजी फक्त २०० मिलिग्रॅम, आणि सोबत पायपरीन १० मिलिग्रॅम. म्हणजे १० मिलिग्रॅम पायपरीनच्या जोरावर एका प्रभावी प्रतिजैविकाची मात्रा निम्म्याहून खाली आणता येते, असा त्यामागचा दावा, आणि ती कॅप्सूल डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणार. आता गंमत बघा. त्याच पायपरीनचे ५-१० मिलिग्रॅम घातलेली कर्क्युमिनची कॅप्सूल मी कोणालाही, कितीही, चिठ्ठीविना विकू शकतो. स्वयंपाकातल्या मिऱ्यावर माझा राग नाही. ५ मिलिग्रॅम पायपरीन दोन-तीन मिऱ्यांतही सापडेल. पण मिरी घातलेला रस्सा आपण रोज सकाळ-संध्याकाळ नेमाने, बीपीच्या गोळीला खेटून, सहा-सहा महिने पीत नाही.

आमच्या गिऱ्हाइकांतले एक निवृत्त एसटी चालक आहेत. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन जन्मभर. ही गोळी ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत असते की रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या ‘आयएनआर’ नावाच्या तपासणीचा आकडा ठरलेल्या पट्ट्यात ठेवावा लागतो. यांचा साधारण अडीच ते साडेतीन. गुडघे दुखतात म्हणून सुनेने ऑनलाइन कर्क्युमिन मागवले, मिऱ्याच्या अर्कासकट. काही आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. तपासणीत आयएनआर सहाच्या वर. डॉक्टरांनी विचारले, “औषध बदललं का?” ते म्हणाले, “नाही.” खरेच बोलले ते. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतेच. वॉरफरिन घ्यायला ते आमच्याकडे आले तेव्हा बोलता बोलता कॅप्सूलचे निघाले, आणि मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवले. कॅप्सूल बंद झाली आणि आकडा हळूहळू खाली आला. एका माणसावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. पण न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद जाहीर केली : वॉरफरिन स्थिर चालू, हळदीचे उत्पादन सुरू केले, आणि काही आठवड्यांत आयएनआर दहाच्या वर. तिथे लोकांना जाहीर सूचना दिली गेली. इथे पुरवणी निघाली.

कर्करोगाबद्दल लेखात जे वाक्य होते ते वाचून मला राग आला, हे लपवत नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी बायकांना पाच-दहा वर्षे टॅमॉक्सिफेन घ्यावे लागते. नातेवाईक प्रेमापोटी कर्क्युमिन आणून देतात. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये अशा सोळा रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध केला. टॅमॉक्सिफेनचे शरीरात जे कामाचे रूप तयार होते, त्याची पातळी कर्क्युमिनबरोबर थोडी आणि पायपरीन जोडल्यावर आणखी कमी झाली, सुमारे १२ टक्क्यांनी. सोळाच रुग्ण, घट फार मोठी नाही, मान्य. पण जी गोळी कर्करोग परत येऊ नये म्हणून घ्यायची, तिचीच धार ‘कर्करोग रोखणाऱ्या’ कॅप्सूलने बोथट व्हावी? यकृत ‘धुऊन काढण्या’चेही तसेच. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत काविळीचे रुग्ण सापडले, तेव्हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाने यकृताचा किंवा पित्ताचा विकार असलेल्यांसाठी वेष्टनावर इशारा छापायला लावला. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाकडे २०२३ च्या जूनपर्यंत यकृताच्या त्रासाच्या अठरा नोंदी आल्या होत्या, त्यांत एक मृत्यू. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली. “शेजारी दोन वर्षं घेतोय, त्याला काही झालं नाही” या युक्तिवादाचे उत्तर त्या खुणेत आहे. शेजाऱ्याचे जनुक तुमचे नाहीत.

हे रुग्ण थोडे आहेत. जगात लाखो लोक या कॅप्सूल घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही. पण या सगळ्या नोंदी मात्रा वाढवलेल्या अर्कांच्या किंवा पूरक गोळ्यांच्या आहेत. वरणातल्या हळदीने कोणाला कावीळ झाल्याचे मी ऐकलेले नाही, आणि जेजुरीला पिवळे होऊन आलेल्यांचीही तशी काही तक्रार नाही.

फायदा अजिबात नाही असेही मी म्हणणार नाही. गुडघ्याच्या संधिवातात कर्क्युमिनने वेदना थोडी कमी होते असे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे. थायलंडमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अपचनाच्या दोनशेहून अधिक रुग्णांत रोज २ ग्रॅम कर्क्युमिनचा गुण ओमेप्राझोल या पित्तावरच्या नेहमीच्या औषधाच्या तोडीचा आला. वाचून मला आनंदच झाला. पण त्या चाचणीत रुग्ण कोण, मात्रा किती, किती आठवडे, हे सगळे ठरलेले होते आणि डॉक्टरांचे लक्ष होते. उलट बाजूला, औषध रसायनशास्त्राच्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या विस्तृत आढाव्याने प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत कर्क्युमिन इतके गुणकारी का दिसते याचीच चिरफाड केली. ते कशालाही चिकटते, स्वतः चमकते आणि चाचण्यांना फसवते. ‘पेशींवर परिणाम दिसला’ आणि ‘माणूस बरा झाला’ यांच्यामध्ये फार मोठी वाट आहे, आणि आपल्या लेखातले निम्मे दावे त्या वाटेच्या पहिल्या टोकाचे होते.

पेटंटचे सांगतो. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले होते ते जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर. डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, बत्तीस संदर्भ सादर केले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण आपण तिथे सिद्ध केले ते एवढेच की जखमेवर हळद लावणे आपल्याला पूर्वापार माहीत आहे. त्या विजयाच्या खांद्यावर बसवून ९५ टक्क्यांचा अर्क साखरेवर आणि कर्करोगावर विकणे हा माशेलकरांच्या मेहनतीचाही अपमान आहे.

याच प्रकाराची दुसरी आवृत्ती आपण करोनाच्या काळात गुळवेलीवर पाहिली. लोक परसातली दिसेल ती वेल तोडून उकळत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या, यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की सारखी दिसणारी दुसरी जात घेतली गेली असावी. वाद कोणाचा बरोबर यात मी पडत नाही. पण वेल नेमकी कुठली, काढा किती आणि किती दिवस, हे छापलेला मराठी लेख तेव्हाही माझ्या पाहण्यात आला नाही.

आता माझ्याच धंद्याची गोष्ट. दुकानातल्या एका फडताळात औषधे असतात, त्यांच्यावर अन्न व औषध प्रशासनाचा डोळा असतो. शेजारच्या फडताळात आयुर्वेदिक औषधे, ती विकायला वेगळा परवानाही लागत नाही. आणि त्याच्या शेजारी ही कर्क्युमिनची डबी, जी कायद्याने औषध नाहीच, अन्न आहे. तिच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक असतो, आणि नियमाप्रमाणे एक वाक्य असावे लागते : ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. औषधी उपयोगासाठी नाही! हे वाक्य इंग्रजीत असते, आणि आमच्याकडच्या बहुतेक डब्यांवर ते शोधायला मला चष्मा पुसावा लागतो. वर्तमानपत्रातली जाहिरात मात्र मराठीत असते आणि तिच्यात गुडघा धरून बसलेल्या आजी असतात. शिवाय मार्जिन. दर नियंत्रणातल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मिळतात, या डब्यांवर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे सगळ्याच दुकानदारांनी गिऱ्हाइकाला थांबवून विचारावे अशी अपेक्षा मीही ठेवत नाही. आम्ही ही डबी विकतो. पण मुलाला सांगून ठेवले आहे की आधी विचारायचे : रक्त पातळ करणारी गोळी आहे का, फिटची आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, कर्करोगाचा उपचार चालू आहे का, शस्त्रक्रिया ठरली आहे का. यातले एक जरी ‘हो’ आले तरी डबी परत फडताळात, आणि आधी डॉक्टरांना विचारून या. काही जण रागावतात आणि मोबाइलवरून मागवतात. मोबाइल त्यांना काही विचारत नाही.

आपल्याकडे मागणी आहे ती अवघड नाही. वनस्पतींवरचे लेख बंद करा असे मी म्हणत नाही. मला स्वतःला ते वाचायला आवडतात, आणि त्या लेखातली लोणच्याच्या ओल्या हळदीची माहिती उत्तम होती. फक्त असा प्रत्येक लेख छापण्यापूर्वी लेखकाकडून चार गोष्टी मागून घ्या. वनस्पतीचा कोणता भाग आणि कोणत्या रूपात, मात्रा किती, किती दिवस, आणि कोणती औषधे चालू असताना टाळावे. लेखकाला हे सांगता येत नसेल तर तो लेख पाककृतींच्या पानावर घ्या, तिथे तो शोभेल. आणि ज्या पानावर हळदीचा लेख असेल त्या पानावर हळदीच्या कॅप्सूलची जाहिरात नको. अश्वगंधेच्या लेखाखाली अश्वगंधेची नको. जाहिरात विभागाला एवढे सांगणे आपल्याला जड जाऊ नये. जाहिरात घ्या, पण क्रीडा पानावर टाका.

एक क्रमांकही देतो. कोणत्याही गोळीने, काढ्याने किंवा कॅप्सूलने त्रास झाल्याची शंका आली तर गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य माणूससुद्धा कळवू शकतो. कळवण्याचा छापील नमुना मराठीतही आहे. आयुर्वेदिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी यंत्रणा आहे, तिचे मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत. आमच्या एसटीवाल्या काकांची नोंद आम्हीच फोन करून दिली. मुलाने डबीवरचा बॅच क्रमांक वाचून दाखवला आणि दहा-पंधरा मिनिटांत काम झाले. फोन घेणाऱ्याने काकांचे वय, चालू औषधे आणि कॅप्सूल कधी सुरू केली ते विचारले. दिवसाला किती मिलिग्रॅम, हेही विचारले.

माझे नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे, तो छापू नये. गिऱ्हाइके ओळखीची आहेत.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक औषधविक्रेता, सांगली